सातव्या महिन्यातली पाहुणी

अॅम्ब्युलन्समध्ये गरोदर बाईला डाव्या कुशीवर निजवतात.

ऑइलपेंटचा डबा उघडा राहिला की वर साय धरते, दुधासारखी.

तिसरीच्या वर्गाला 'माझं घर' काढायला सांगितलं की निम्मी पोरं छपरावर धुराडं काढतात. त्यातल्या एकाच्याही घराला धुराडं नाही.

देवानंद झोपताना बूट पलंगाशेजारी उभे करून ठेवतो, पँटचे पाय आधीच बुटांत खोवलेले.

कुरडूची फुलं, ज्यांना इथे गुनुगू म्हणतात, तोडून ठेवली तरी कितीतरी दिवस मेल्यासारखी दिसत नाहीत.

पाहुण्याच्या चपलांची तोंडं रस्त्याकडे असतात. घरच्यांच्या कशाही पडलेल्या असतात.

मालकानं स्वतः राहिलं पाहिजे.

सातवा लागला.

*

आता सरळ सांगायचं तर असं:

आदिलाबादहून जैनथकडे जाताना रस्त्याच्या डाव्या हाताला एक वसाहत आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे हातभर ओटा, अशी एकसारखी घरं. कधीकाळी दुसऱ्याच कुणासाठी बांधलेली, मग वर्षानुवर्षं रिकामी. खिडक्यांची तावदानं गेली, नळाच्या तोट्या गेल्या, एका घरात बकऱ्या राहिल्या. शेवटी सरकारनं ठरवलं की ही घरं अर्ध्या किमतीत द्यायची. कुणाला, तर अडीनडीला लोक ज्यांना शोधतात त्यांना. शिक्षक, अॅम्ब्युलन्सवाले, आगीच्या बंबावरचे, पोलीस. ही माणसं वस्तीतच राहिली तर वस्तीचं भलं होईल, असा त्यामागचा विचार. विचार चांगलाच होता.

अर्धी किंमत माफ, पण त्याला एक अट. घर ज्याच्या नावावर, त्यानं बतुकम्मा, म्हणजे इकडचा दसऱ्याआधीचा फुलांचा सण, बसायच्या आत राहायला यायचं आणि पुढे तीन वर्षं स्वतः राहायचं. भाडेकरू नको, नातेवाईक आणून बसवायचा नाही. मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, माणूस येईल. सांगून येणार नाही. घरात भलतंच कुणी नांदताना दिसलं तर माफ केलेली अर्धी किंमत परत अंगावर, आणि ती भरता आली नाही तर घर रांगेतल्या पुढच्या माणसाला.

रंजीता जैनथ मंडलातल्या मराठी शाळेवर शिक्षिका. नवरा जीवन एकशे आठची गाडी चालवतो. त्या गाडीच्या चालकाला पायलट म्हणतात, म्हणून जीवनची आई मथुराबाई गावात अजून सांगते की आमचा जीवन पायलट आहे, आणि विमानाबद्दल कुणी विचारलं तर विषय बदलते.

सोडतीत रंजीताचं नाव निघालं. त्याच महिन्यात तिला दिवस राहिले. दोन्ही बातम्या एकाच संध्याकाळी कळल्या आणि त्या संध्याकाळी घरात कुणी मोठ्यानं हसलं नाही.

*

काऊन?

कारण पोटुशी बाई नव्या घरात पाय ठेवत नाही. चूल मांडत नाही, खिळा ठोकत नाही, उंबऱ्याला हळद लावत नाही. घर नवं असलं की त्याला भूक असते, असं मथुराबाई म्हणते. यापुढचं ती बोलत नाही.

आणि कारण रंजीताचं हे पहिलं पोट नव्हतं. दोन वर्षांपूर्वी गावाकडच्या मागच्या खोलीवर नवे पत्रे टाकत होते. रंजीता खाली उभी राहून स्क्रू देत होती. पाचवा महिना होता. पत्रे पूर्ण बसले आणि त्याच आठवड्यात ते गेलं.

कुणी काही म्हणालं नाही. मथुराबाईसुद्धा नाही. तेच जास्त होतं.

रंजीता शाळेत मुलांना ग्रहण शिकवते. चेंडू आणि टॉर्च घेऊन, सावली कशी पडते ते दाखवते. पत्र्यांचा आणि पोटाचा काही संबंध नाही हे तिला माहीत आहे. माहीत असणं ही एक गोष्ट. नवीन घराची किल्ली तिच्यापुढे केली तेव्हा तिनं ती पदरात धरून घेतली, तळहात लागू न देता. ही दुसरी.

*

तोडगा दादाजींनी काढला. दादाजी म्हणजे नदीकाठच्या त्यांच्या गावातला पंचांग पाहणारा म्हातारा. दात नाहीत, मत आहे.

"सातव्यात नव्या घरात ऱ्हायले जाता? नाई जमत."

"दादाजी, सरकार थांबून नाई राह्यलं जी," जीवन म्हणाला.

"सरकारले पोट हाय का?"

"नाई."

"मंग त्याले काय समजते!" दादाजींनी मथुराबाईकडे पाहिलं. "मथुरे, एक कर. घर तुयं."

"माह्यं?"

"तुयं. दूध तू उतू घाल. पाटी तुया नावाची लाव. चूल तू पेटव. सून पाहुणी म्हणून येईल. पाहुणीले घर बाधत नाई. बाळंत होऊन सव्वा महिना झाला का मंग घे म्हणा आपलं घर ताब्यात."

"म्हंजे वास्तूले फसवाचं?" जीवन.

"फसवाचं काऊन? सांगाचंच नाई."

जीवन परतताना मोटारसायकलवर हसत होता. मागे बसलेली मथुराबाई हसत नव्हती. ती वाटेत कुठे पांढरा पेंट मिळेल ते पाहत होती.

*

पाहुणी काय काय करत नाही:

झाडू हातात घेत नाही.

गॅस पेटवत नाही. चहा मागते, करत नाही.

कपडे कपाटात लावत नाही. बॅग भिंतीला टेकवून ठेवते, चेन अर्धी उघडी.

दात घासून झाले की ब्रश पुन्हा बॅगेत.

घरच्या दोरीवर लुगडी वाळतात. पाहुणी आपले कपडे शेजारच्यांच्या दोरीवर टाकते.

देवाच्या कोनाड्याला हात लावत नाही.

"आमच्या घरी" असं म्हणत नाही. "इथं" म्हणते.

जाताना सांगून जाते. रोज सकाळी शाळेला निघताना रंजीतानं ओट्यावर उभं राहून म्हणायचं, "येते मी, आत्याबाई." आणि मथुराबाईनं म्हणायचं, "ऱ्हा ना अजून, काय घाई हाय?" दोघी हे खोटं अगदी खऱ्यासारखं म्हणायच्या. सातव्या-आठव्या दिवशी ते खोटं वाटेनासं झालं, आणि रंजीताला घाम फुटला.

गेटावर पाटी होती. पिवळ्यावर पांढरी अक्षरं, मथुराबाई उत्तमराव. उत्तमराव वारून वर्षं झाली, पण नुसतं मथुराबाई लिहिणं रंगाऱ्याला बरं वाटलं नाही.

*

देवानंद शेजारच्या घरात राहतो. आदिलाबादच्या आगीच्या बंबावर आहे. बायको चंदा, दोन मुलं. अठ्ठावीस मिनिटं बोलत राहील आणि एकदाही श्वास घेणार नाही असा माणूस, पण घाबरवायला कुणाला बघत नाही. तो स्वतःच घाबरलेला असतो.

"वैनी, मागच्या गल्लीतल्या हवालदाराचं आयकलं का? साळा येऊन राह्यला होता चार दिवस. चारच दिवस! मुआयनावाला आला नेमका. आता बसला हवालदार आदिलाबादले चकरा मारत."

"काय पाहतो तो माणूस?" रंजीतानं विचारलं.

"सगळं. दोरीवर लुगडं कोणाचं ते पाहते. मसाल्याचा डबा उघडते. मोरीत ब्रश किती ते पाहते. बॅगा भरलेल्या हायेत का सोडलेल्या. पाटीवर नाव कोणाचं." देवानंदनं गेटाकडे बघून मान वळवून घेतली. "अन् सगळ्यात शेवटी घरातल्या म्हाताऱ्या माणसाले इचारते. म्हातारं माणूस खोटं बोलत नाई म्हणते."

रंजीता तिथेच उभी राहिली. तिला वाटलं, दादाजींनी आणि त्या माणसानं एकत्र बसून एकच यादी केली असावी. तिनं जे जे करायचं नव्हतं, तेच तो माणूस पाहायला येणार होता.

*

मग सुरू झालं.

ती शाळेतून आल्यावर बॅगेतली एक साडी हळूच दोरीवर टाकायची. अर्ध्या तासानं ती साडी घडी होऊन बॅगेवर असायची.

ती ब्रश मोरीतल्या फळीवर ठेवायची. सकाळी तो बॅगेत.

एकदा तिनं पीठ मळायला घेतलं. मथुराबाईनं परात ओढून घेतली, बोटांना लागलेलं पीठ तिच्या बोटांवरून पुसून काढलं, लहान पोराचं पुसावं तसं. "पाहुणी हायेस तू. बस."

"आत्याबाई, तो माणूस आला तर?"

"आला तं आला."

"घर जाईल."

"घर गेलं तं दुसरं येते," मथुराबाई म्हणाली, आणि परात पाठमोरी घेऊन बसली.

जीवनला बोलावं तर तो डोळे चोळत म्हणायचा, "रंजे, तुमी दोघी ठरवा ना. माह्यं काय, मी गाडीत ऱ्हातो." ते खरंही होतं. बाराबारा तासांची ड्यूटी, बोथपासून इकडे नदीपर्यंत. घरी आला की भिंतीकडे तोंड करून झोपायचा. त्याचेच कपडे तेवढे दोरीवर होते. ते चालत होते, कारण पोट त्याला नव्हतं.

मोटारसायकल थांबली की रंजीता खिडकीशी. दूधवाला. पुन्हा थांबली की पुन्हा. चंदाचा भाऊ. सिलिंडरवाला आला तेव्हा तिनं त्याला पाणी देऊन नाव विचारलं, कुठल्या ऑफिसातून आलात असं विचारलं. तो सिलिंडर खांद्यावर घेऊन तिच्याकडे बघत राहिला.

वर्गात पोरं घर काढत होती. एका पोरीनं घराच्या दारात एक बाई काढली होती. रंजीतानं विचारलं, "ही आत चाललीय की बाहेर?" पोरगी म्हणाली, "मेडम, ती उभी हाये."

*

(मुलगी झाली. डिसेंबरात, थंडीत, दोघी सुखरूप. हे पुढचं आहे, पण इथेच सांगितलेलं बरं. रंजीताला आणि मथुराबाईला ही सोय नव्हती.)

*

तो पायी आला.

दसऱ्याच्या सुट्ट्या लागल्या होत्या. वसाहतीतल्या बाया दुपारपासून ताटांत फुलं रचत होत्या. तंगेडूच्या, म्हणजे तरवडाच्या, फुलांचा पिवळा ढीग, गुनुगूचे तुरे गुलाबी रंगात बुडवून वाळत घातलेले. रंजीता चंदाच्या ओट्यावर बसून देठ कापत होती. कापसाच्या गाड्या रस्त्यावरून चालल्या होत्या आणि ती प्रत्येक मोटारसायकलकडे मान वर करून बघत होती. ऑटोतून उतरून पिशवी सांभाळत गल्लीत शिरलेल्या, पन्नाशीच्या, चपला झिजलेल्या माणसाकडे तिनं पाहिलंही नाही.

चंदानंच पाहिलं. "वो वैनी. तुमच्याकडं कोनी गेलं."

"कोण?"

"काय माईत. पाटी वाचत होता."

रंजीता उठली. सातव्या महिन्यात उठायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागलाच. गेटाशी पोचली तेव्हा आतून मथुराबाईचा आवाज येत होता, खूश, मोकळा. पाहुणा आल्यावर तिचा आवाज नेहमी असा होतो.

"...घर माह्यंच जी. मीच दूध उतू घातलं. पोरगा पायलट हाये माह्या."

"आणि सून?"

"सून पाहुणी आली ना. आठ-पंधरा दिवस झाले."

"कशाला आलीय?"

"बाळंतपणाले."

आतला माणूस थोडा थांबला. "बाळंतपणाला सासरी पाहुणी? माहेरी नाही गेली?"

मथुराबाई थांबली नाही. "तिच्या मायची तब्येत बरी नसते," म्हणाली. ते खरं होतं. त्यामुळे सगळंच खरं वाटलं.

रंजीता दारात उभी. त्या माणसानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला, पिशवीतून ओळखपत्र काढलं आणि गळ्यात घातलं. आधी गळ्यात नव्हतं. लक्ष्मणराव, गृहनिर्माण कार्यालय.

मथुराबाईनं ते कार्ड पाहिलं. मग रंजीताकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप नव्हता. भीती होती, पण ती वेगळ्याच दिशेला बघत होती, रंजीताच्या पोटाकडे.

*

लक्ष्मणराव वाईट माणूस नव्हता. त्यामुळे जास्त कठीण गेलं. ओरडला असता तर भांडता आलं असतं. तो हळू बोलत होता, प्रत्येक खोलीत जाण्याआधी "येऊ का?" विचारत होता. आणि विचारत होता मथुराबाईला.

दोरी पाहिली. लुगडी, जीवनची खाकी पँट.

मोरी पाहिली. दोन ब्रश.

भिंतीला टेकवलेली बॅग पाहिली. चेन अर्धी उघडी. हात लावला नाही. नुसता वाकून बघून सरळ झाला. "मेडम, ही तुमची?"

"हो."

"भरलेली आहे."

रंजीतानं तेलुगूत सांगायला सुरुवात केली. शाळेच्या कामाची तेलुगू, नियमांची, नम्र. सातवा महिना सुरू आहे सार, आमच्यात असं असताना नव्या घरात... म्हणून सासूबाईंच्या नावाने... पण राहते मीच, रोज इथूनच शाळेला जाते, शेजाऱ्यांना विचारा. ती जसजशी सांगत होती तसतसं तिला ते खोटं ऐकू येत होतं. पकडली गेलेली प्रत्येक बाई हेच सांगत असणार.

लक्ष्मणराव ऐकत राहिला. मग मराठीतच बोलला, आतापर्यंतची पुस्तकी नाही, इकडची.

"माह्यी माय बोथची, मेडम. मले समजते. माह्या बहिणीच्या टायमाले आमी गेटाचा खिळा पण बदलला नाई." तो ओट्यावर टेकला. "पण मी लिहू काय? मालक म्हणते घर माह्यं, पाटी म्हणते आजीचं, आजी म्हणते आजीचं. उद्या वरून कोणी इचारलं तं मी सांगू का, वास्तूले समजू नाई म्हणून असं केलं?"

चंदाच्या ओट्यावरून बाया ऐकत होत्या. सगळ्यांच्या हातात फुलं होती आणि कुणाचेच हात हलत नव्हते. प्रत्येकीचं घर याच माणसाच्या पिशवीत होतं.

"एक होऊ शकते," लक्ष्मणराव म्हणाला. "मोबाइलवर घेतो. मालकानं दारात उभं ऱ्हावं, नाव सांगावं, नोकरी सांगावी, हे घर माह्यं हाये अन् मी इथं ऱ्हाते, एवढं बोलावं. आजीनं बाजूले ऱ्हावं अन् नाई म्हणू नये."

"तेलुगूत बोलते," रंजीता पटकन म्हणाली.

त्याच्या लक्षात आलं. "मराठीत बोला, मेडम. आजीले न समजता घेतलं असं नको व्हायले."

*

जीवनचा फोन वाजत राहिला. गाडीत पेशंट असला की तो उचलत नाही. रंजीतानं दुसऱ्यांदा लावला. वाजू दिला. घरात दुसरा पायलट नव्हता.

"साहेब," मथुराबाई त्या माणसाच्या समोर जाऊन खाली बसली. "सव्वा महिना बाळंत होऊन जाऊ द्या. मंग जन्मभर या. रोज या. मी च्या करून देतो."

"आजी, माह्या हातात नाई."

"मंग कोणाच्या हातात हाये? त्याले सांगा."

"आजी, त्याच्याबी हातात नाई."

"अवं मंग हे घर देल्लं कोणं?" मथुराबाई म्हणाली. हे तिनं रागानं विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

रंजीता उठून दारात उभी राहिली. एक पाय ओट्यावर, एक आत. चार वाक्यं होती. वर्गात ती दिवसाला हजार वाक्यं बोलते. घर ऐकत नसतं. भिंती ऐकत नसतात. दोन वर्षांपूर्वीचे पत्रे ऐकत नव्हते. तिनं हे स्वतःला सांगितलं, मग पुन्हा सांगितलं, आणि दुसऱ्यांदा सांगावं लागलं याचीच तिला भीती वाटली.

नाही म्हटलं तर? पुन्हा इथे येण्याआधीची जैनथमधली भाड्याची खोली, जिथे घरमालकानं पुढचा भाडेकरू शोधूनही ठेवला होता. माफ झालेली अर्धी किंमत, जी दोघांच्या पगारातून त्यांच्या हयातीत फिटली नसती. आणि पोटातलं जे येणार होतं, त्याला घर नसणार. त्याच्यासाठी ते घर सोडायचं आणि ते सोडलं म्हणून त्याला ठेवायला जागा नाही. हे गणित ती दुपारभर करत राहिली असती.

लक्ष्मणरावानं मोबाइल वर धरला.

"माझं नाव रंजीता. मी शिक्षिका आहे. हे घर माझं..."

तिचा आवाज ऐकून मथुराबाईनं दोन्ही कानांवर हात ठेवले. स्वतःच्या.

"...आहे. मी इथे राहते."

संपलं. झालं ते. लक्ष्मणरावानं मोबाइल कानाला लावला, ऐकलं, पुन्हा लावला. आणि अपराध्यासारखा म्हणाला,

"मेडम. ट्रॅक्टर गेला ना. आवाज नाई आला."

रस्त्यावर कापसाची ट्रॉली खडखडत लांब चालली होती.

"म्हणजे?"

"परत बोला लागते."

चंदाच्या ओट्यावर कुणीतरी "अम्मा" म्हणालं.

परत. जे एकदा बोलायला तिला इतका वेळ लागला, ते परत. तिनं तोंड उघडलं आणि काही आलं नाही. पोटात काही हलत नव्हतं, आणि आता तिला आठवेना की शेवटचं कधी हललं. देठ कापताना की त्याच्या आधी. लक्ष्मणराव मोबाइल धरून थांबला होता. त्याचाही हात दुखत असणार.

तेव्हा मथुराबाई उठली.

रंजीताला वाटलं ती आता मोबाइल हिसकावून घेईल, किंवा आत जाऊन दार लावून घेईल. मथुराबाई तिच्या जवळ आली. घराकडे पाठ केली. डोक्यावरचा पदर सोडला, दोन्ही हातांनी पसरला आणि रंजीताच्या पोटाभोवती गुंडाळला, एकदा, मग आवळून पुन्हा एकदा, थंडीत घागर झाकावी तसा. पदराची टोकं दोन्ही मुठींत घट्ट धरून ती वाकून उभी राहिली. पोट आणि घर यांच्यामध्ये तिची पाठ होती.

"बोल आता," ती म्हणाली. "लवकर बोल."

"आत्याबाई..."

"अवं बोल ना रांडेचे! हात भरून राह्यले माहे."

"माझं नाव रंजीता. मी शिक्षिका आहे. हे घर माझं आहे. मी इथे राहते."

*

तो व्हिडिओ कार्यालयात कुणी पाहिला असेल तर त्यांना दिसलं असेल: दारात एक बाई सरळ उभी आहे, ओठ पांढरे. तिच्यासमोर एक म्हातारी वाकलेली आहे, डोकं उघडं, विस्कटलेले पांढरे केस, चेहरा दिसत नाही. म्हातारी काही शोधतेय की नमस्कार करतेय ते कळत नाही. ती नाही म्हणत नाही.

"आजी, तुमी काय करून राह्यल्या होत्या?" लक्ष्मणरावानं मोबाइल खिशात टाकताना विचारलं.

"काई नाई. वारं होतं."

वारं नव्हतं. त्यानं मान हलवली. पाण्याचा राहिलेला घोट प्यायला. पाटी काढून घ्या म्हणाला, आणि काय लिहिणार ते सांगितलं नाही. गेटापाशी वळून म्हणाला, "पुढच्या टायमाले बी सांगून नाई येणार." यात धमकी होती की माफी, हे दोघींनाही कळलं नाही. मग तो देवानंदच्या घराकडे वळला आणि चंदाच्या ओट्यावरच्या बाया भराभरा फुलं लावू लागल्या.

*

मथुराबाईनं रंजीताला आत नेऊन निजवलं. शेजारी बसली. चहा ठेवला नाही, दिवा लावला नाही, पदर डोक्यावर घेतला नाही.

"हललं का?"

"नाही."

बाहेर देवानंदचा आवाज, लक्ष्मणरावाला मसाल्याचा डबा स्वतःहून दाखवत असलेला.

"हललं का?"

"नाही, आत्याबाई."

मथुराबाईनं तिच्या पोटावर हात ठेवला नाही. हात आपल्याच मांडीखाली दाबून धरला. जीवनचा फोन आला. तिनं उचलून "नंतर" म्हटलं आणि ठेवला. फोन कसा ठेवायचा ते तिला अजून नीट जमत नव्हतं, त्यामुळे पलीकडे जीवन "माय, माय, काय झालं" असं ओरडत असलेला ऐकू येत राहिला, आणि त्याच्या मागे गाडीचा भोंगा.

"हललं का?"

रंजीतानं मथुराबाईचा हात मांडीखालून ओढून काढला आणि आपल्या पोटाच्या डाव्या बाजूला ठेवला.

बराच वेळ.

"हं," मथुराबाई म्हणाली.

दिवाळीनंतर रंजीताच्या मोबाइलवर कार्यालयाचा तेलुगूतला संदेश आला: मालक घरात राहतात, पुढील तपासणी केव्हाही. तिनं तो मथुराबाईला मराठीत वाचून दाखवला. मथुराबाईनं 'केव्हाही' हा शब्द दोनदा वाचायला लावला.

जीवन पोटात असताना गावात नवं घर बांधणं चालू होतं. मथुराबाईला चुलत दिराच्या पडवीत ठेवलं होतं, आणि ते घर तिनं पहिल्यांदा आतून पाहिलं तेव्हा जीवन रांगत होता.